झाडावरचा पिकलेला चिकू

डहाणू स्टेशनबाहेर चिकूच्या टोपलीतून पेंढ्याचा वास आला आणि परदेशातली ती रविवारची दुपार आठवली. बाहेर बर्फ साचला होता. वर्षभरात मराठीची एक ओळ लिहून झाली नव्हती, म्हणून हुरूप यावा यासाठी तिथल्या मराठी लेखनकट्ट्यात नाव नोंदवलं होतं. वाचनालयाच्या खोलीत, अंगातला कोटही न काढता, मी आशागडच्या आमच्या चिकूच्या वाडीवर लिहिलेलं वाचलं. टाळ्या पडल्या. कट्टा चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "पिकलेला चिकू झाडावरून तोडून तिथेच खाल्लास, ते वाक्य काय गोड आहे गं! असंच लिहीत राहा." ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला घाम फुटला. आमच्याकडे चिकू झाडावर पिकू देतात कुठे? पिकला की तो वटवाघळांचा. आम्ही टणकच उतरवायचो, पेंढ्यात घालायचो, आणि आई रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघायची. मी भलत्याच कुठल्यातरी वाडीवर लिहिलं होतं. पुन्हा त्या कट्ट्यावर गेले नाही, त्यानंतर काही लिहिलंही नाही. आज टोपलीतला एक चिकू उचलून अंगठ्याने दाबला. "आज खायचाय का उद्या? तसा बघून घ्या ताई," विकणारी बाई म्हणाली. मी पुन्हा दाबला. मला काहीच कळेना.