पेंटरबाबांचा झाकलेला चेहरा

वृद्धाश्रमात ती सेविका होती आणि तिला सगळे भोंगा म्हणत. तिला राग येत नसे, कारण आवाज होताच तसा. या टोकाला हाक मारली की त्या टोकाच्या आज्या दचकून उठून बसत. पण तो आवाज तिनं काही हौसेनं कमावला नव्हता. निम्मी म्हातारी माणसं ठार बहिरी, आणि त्यांची कानाची यंत्रं उशीखाली नाहीतर कपाटात. साधी गोळी घ्यायला सांगायची तरी घसा फोडावा लागे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरीसुद्धा मीठ मागताना भांडल्यासारखं मागतो. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "अगं, मी ऐकतोय. शेजाऱ्यांना कशाला जेवायला बोलावतेस?"

दुसरी सवय हाताची. म्हाताऱ्या माणसाला खोलीतून एकदम उन्हात आणलं की त्याचे डोळे दिपतात, तो दचकतो, तोल जातो. म्हणून चाकाची खुर्ची दाराबाहेर काढताना ती एक हात आधीच वर धरायची, म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर सावली पडेल असा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा एक आजी अशाच उन्हात खुर्चीतून घसरल्या होत्या, तेव्हापासून तो हात आपोआप वर जाई.

आता या दोन्ही सवयी एकत्र करून बघा. पेंटरबाबांना, म्हणजे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या एका म्हाताऱ्याला, दवाखान्यात न्यायचं होतं. दारात रणरणतं ऊन. हिचा हात वर, तोंड वासलेलं, कारण "बाबा, पाय वर घ्या" म्हणून ती ओरडत होती. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात ओढलेली. नेमका तेव्हाच फाटकाबाहेरून कुणीतरी मोबाइल रोखला. संध्याकाळपर्यंत फोटो गावभर झाला होता आणि त्याच्या डोक्यावर मथळा होता, "हीच का सेवा?" झालं, लागला निकाल. एकदा मथळा वाचला की लोकांना फोटो बघायची गरजच कुठे उरते!

व्यवस्थापकानं तिला घरी बसवलं. बाबांचा मुलगा येऊन वडलांना दुसरीकडे घेऊन गेला, तिच्याकडे ढुंकूनही न बघता. बाबांनाच विचारावं तर त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. काम गेलं असतं तर एक वेळ तिनं सोसलं असतं. पण म्हाताऱ्यावर हात टाकणारी बाई, हा शिक्का कपाळावर घेऊन जगायचं कसं? किराणा दुकानात बायका बाजूला सरून तिला वाट करून द्यायच्या. ती वाट मानाची नव्हती, हे तिला कळत होतं.

भिस्त सगळी भाचीवर होती. बहिणीची मुलगी, कॉलेजात फोटो कसे वाचायचे हेच शिकवायची. "मावशी, तू अजिबात काळजी करू नकोस," ती म्हणाली. "मी जाहीर व्याख्यानच ठेवते. तुमच्या अध्यक्षांनाही बोलावते. फोटो कसा फसवतो ते सगळ्यांसमोर दाखवते." मावशीचा जीव भांड्यात पडला. तिनं बहिणीला फोन लावला आणि पोरीच्या शिक्षणाचं चीज झालं म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून कॉलेजच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसली. पलीकडे आश्रमाचे अध्यक्ष. भाची बोलायला उभी राहिली आणि खरंच सुरेख बोलली. फोटो कुणी काढला, कुठून काढला, कशासाठी काढला, चौकटीबाहेर काय राहिलं, आधी काय झालं असेल, नंतर काय. मथळा हातानं झाकून बघा म्हणाली. पोरं माना डोलवत होती, आणि मावशी त्या डोलणाऱ्या माना मागे वळून वळून बघत होती.

मग फोटो भिंतीवर आला, भलामोठा. बाबांच्या चेहऱ्यावर राखाडी पट्टी. मावशीचा चेहरा उघडा, वासलेल्या तोंडासकट, दातांसकट.

"हा हात उगारलेला नाही," भाची म्हणाली. "हा हात सावली धरतोय. सावली कुठे पडली आहे ते नीट बघा." तिची काठी भिंतीवर सरकत गेली आणि राखाडी पट्टीवर येऊन थांबली.

"कुठे पडली आहे?" अध्यक्षांनी शांतपणे विचारलं.

"डोळ्यांवर, सर. मूळ फोटोत स्वच्छ दिसते."

"मग तो चेहरा झाकलात कशाला?"

"आमच्याकडे तसा नियमच आहे. पीडित व्यक्तीचा चेहरा दाखवायचा नाही."

'पीडित' हा शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिचा तिलाच ऐकू आला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

मावशी उठून उभी राहिली. "अगं, मग मूळ फोटो लाव ना. आहे ना तुझ्याकडे?"

"आहे गं. पण बाबांच्या घरच्यांची परवानगी नाही घेतली. असा नाही दाखवता येत."

"आणि माझी घेतली होतीस?"

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी घरचीच, तिला काय विचारायचं, असं वाटलं असणार तिला. घरच्या माणसाला गृहीत धरण्यात शिकलीसवरलेली माणसंही मागे नसतात. तिला मावशीची बाजूच मांडायची होती, हे काही खोटं नव्हतं. पण घाबरलेलं माणूस हाताच्या सवयीचं तेच करतं. ती घाईघाईनं कॉम्प्युटरकडे वळली, आणि दुसरी राखाडी पट्टी येऊन मावशीच्या चेहऱ्यावर बसली.

आता भिंतीवर उरलं काय, तर चेहरा नसलेला एक म्हातारा आणि त्याच्यावर हात उगारलेली, चेहरा नसलेली एक बाई. अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आम्ही कळवू," म्हणाले आणि निघाले. मावशी तशीच उभी होती. मागच्या बाकांवरची पोरं मोबाइल वर करून भिंतीचा फोटो काढत होती.