पावण्यांनी उभं राहावं

आमच्या चर्चमध्ये नवा माणूस आला की त्याला उभं करायची रीत होती. उपासना संपत आली की पाळक म्हणायचे, "आज पावणं कोण आलंत, त्यांनी उभं राहावं." मग माईक त्यांच्यापर्यंत जायचा, ते नाव-गाव सांगायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवत स्वागताचं गाणं म्हणायचो. आत जागा पुरत नाही म्हणून एक कर्णा बाहेर आवारात लावलेला. पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं सगळं, आणि आम्हाला त्याचंच कौतुक.

त्या रविवारी एक बाई आली. दारात पाणी द्यायचं काम माझं, म्हणून पहिली मलाच दिसली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, कपाळावर जोतिबाचा गुलाल.

"आत बसलं तर चालतंय का? मी तुमच्यातली न्हाय."

"बाकं सगळ्यांचीच हायती. बस."

पाणी पिताना पेल्यात रक्त उतरलं. हळूच म्हणाली, "नवरा स्टँडवर हुडकतोय. बहिणीकडची गाडी दुपारी हाय. तवर बसू द्या."

तिला मी मागच्या बाकावर माझ्याजवळ बसवलं. त्या दिवशीचा उपदेश होता येशूला धरायला शिपाई आले आणि शिष्य पळाले त्याचा. बाई एका डोळ्यानं पाळकांकडे बघत ऐकत होती.

मग माईक आला. मी हातानं नको नको करत होते, पण आमच्या लोकांचं कसं, लाजणाऱ्याला जास्त आग्रह करायचा, पंगतीत करतो तसा. "लाजू नका ताई, गाव तरी सांगा." ती उठली. "मुरगूड," एवढंच म्हणाली. कर्ण्यानं ते रस्त्यावर नेऊन टाकलं.

गाण्याचं दुसरं कडवं संपायच्या आत तिचा नवरा दारात, स्टँडवरनं हुडकत तो रस्त्यावर आलेलाच होता. हातात उसाचं दांडकं. गाणाऱ्यांना ढकलत सरळ मागच्या बाकाशी आला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं समोरच्या बाकावर आपटलं. लाकडाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात पडला. गाणं मधेच तुटलं, पुढचे लोक आणखी पुढे सरकले, लेकरं रडायला लागली.

"माझी बायको हाय, मधी कोण पडायचं न्हाय."

मी तिच्यावर आडवी पडले. दांडकं माझ्या मनगटावर बसलं, हाड वाजलं. दुसरा तडाखा पाठीत. "म्हातारे, सरक," म्हणाला. "सरकत न्हाय जा," मी म्हटलं. तोवर एका बाईनं दानाची पितळी थाळी त्याच्या कानशिलात हाणली, तो भेलकांडला, आणि पुरुषांना तेव्हा कुठं हात-पाय असल्याची आठवण झाली. चौघं त्याच्या अंगावर बसले. थाळीवाली आणखी मारत होती. पाळकांनी तिचा हात धरला तर म्हणाली, "थांबा की, एकच र्‍हायलाय."

पोलीस त्याला घेऊन गेले. तिला म्हणाले, आधी दवाखान्यात चला. ती म्हणाली, "आधी गाडी. दवाखाना बहिणीच्या गावात बी हाय, तक्रार बी तिथनंच देते." आम्ही रिक्षा बोलावली. तोवर पाळक स्वतः शिडी लावून कर्णा काढत होते. नंतर आमच्याकडे पावण्यांना कुणी उभं केलं नाही. पाणी द्यायचं, शेजारी बसायचं, बास.

स्टँडपर्यंत ती माझ्याजवळ बसली होती. माझा हात रुमालात बांधलेला, तिच्या तोंडात कापूस. एसटीत खिडकीची जागा मिळाली तिला. गाडी सुरू झाल्यावर खाली वाकून म्हणाली, "आजी, तुमच्या देवाला धरला तवा त्याची माणसं पळाली म्हणं. तुम्ही का पळाला न्हाईसा?"

मला केवढं सांगायचं होतं. आयुष्यभर ऐकलेले उपदेश सगळे ओठावर आले. पण गाडी हलली होती.

"गुडघं दुखत्यात गं माझं," मी म्हटलं. "पळू कुठं?"

ती हसली. ओठ पुन्हा फुटला, तरी हसतच राहिली, गाडी वळेपर्यंत.