आहेराच्या पंच्यातलं श्रीखंड

वसईजवळच्या निर्मळला आमच्या वाडीत वडिलांचा एक हातमागाचा पंचा होता. आंघोळीला तोच, केळीचे घड वाहताना डोक्यावर चुंबळ म्हणून तोच, मळ्यात भाकरी बांधायला तोच. एकदा त्याच पंच्यानं त्यांनी विहिरीत पडलेली म्हैस वर ओढली. पंचा फाटला नाही, विहीर मात्र जरा वाकडी झाली. खोटं वाटत असेल तर विहीर अजून आहे.

दुसरा पंचा असतो आहेराचा. लग्न असो, वास्तुशांत असो, तेरावं असो, सोयऱ्याच्या हातात टोपी आणि पंचा पडतोच. तो कुणी वापरत नाही. घडी न मोडता ट्रंकेत जातो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या गळ्यात मारला जातो. आमचा एक पंचा माझ्या जन्माआधी घराबाहेर पडला, अर्धा तालुका हिंडला आणि आजोबांच्या तेराव्याला परत आला. घरातल्या माणसांपेक्षा त्याचीच ओळख जास्त होती.

आता आमचे थोरले भावोजी. वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वसईत फ्लॅट, आणि खिशात इस्त्रीचा रुमाल. वडिलांच्या पंच्याला ते ‘पोतेरं’ म्हणत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धाकट्या बहिणीचं जमलं. मुलाकडचे मूळचे कोकणातले, वसईत फ्लॅट घेऊन राहिलेले. त्याच्या आईनं बजावलं होतं, साखरपुड्याला श्रीखंड घरचंच हवं. जिथं दुकानातला डबा फुटतो तिथं ती पोराचं जमवणार नाही. धाकटीला मुलगा मनापासून आवडला होता. तिचा संसार, थोडक्यात, दह्यावर टांगलेला होता.

आईनं दही लावलं आणि चक्का बांधायला वडिलांचा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा काढला. भावोजींनी तो दोन बोटांत धरून बाजूला टाकला. पाहुण्यांना पोतेऱ्यातलं खायला घालणार का, म्हणाले, आणि ट्रंकेतून आहेराचा कोरा पंचा काढून स्वतः दही बांधलं. आई म्हणाली, अहो, आधी धुवा तरी. भावोजी म्हणाले, नवी वस्तू धुवायची कशाला? आमच्याकडे जावयासमोर कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही. या एका रीतीनं वसईत जितकं नुकसान झालं, तितकं पुरानंही केलं नसेल.

सकाळी गाठ सोडली. कोऱ्या कापडाच्या खळीमुळं पाणी धड निथळलं नव्हतं. पंचा इतका तोकडा की लाल काठही दह्यात बुडालेले, आणि त्यांनी आपला सगळा रंग सोडलेला. चक्का असा गुलाबी झाला होता, जणू त्याचंच लग्न ठरलंय. दुसरं दही लावायला वेळ नव्हता. आई रडायला लागली. भावोजी शांतपणे म्हणाले की हल्ली मुंबईत गुलाबाचं श्रीखंडच चालतं. साखर घोटून तेच वाढायचं ठरलं.

मुलाच्या आईनं वाटी उचलून उजेडात धरली.

“रंग कसला हा?”

“गुलाबाचा,” भावोजी म्हणाले. “स्पेशल.”

धाकटी तिच्याच समोर पुऱ्यांची परात घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक.

“पंच्याचा आहे,” ती म्हणाली. “कोरा, न धुतलेला. खाऊ नका तुम्ही.”

बाईंनी वाटी खाली ठेवली.

“बांधलं कुणी?”

धाकटीनं नुसतं भावोजींकडं पाहिलं. बाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, बाजारात नासकं वांगं न्याहाळतात तसं.

“याला मुलगी दिलीत, म्हणजे तुमचं मन मोठं आहे,” त्या वडिलांना म्हणाल्या. “ही खरं बोलते. हिला आम्ही नेतो. साखर आणा, नुसती साखर.”

साखरपुडा साखरेवर झाला. फक्त भावोजी, आपला गुलाब खरा ठरवायला, एकटे बसून दोन वाट्या श्रीखंड खात राहिले. कुणीही त्यांना थांबवलं नाही.