अनुसयाचे एकतीस कागद

"कागद पेटीत होते. पेटीला कुलूप होतं. मग ते काय पाय फुटून कतारगामला गेले?" अनुसयाने तिसऱ्यांदा विचारलं.

सखारामने बशीत चहा ओतला. बशीत आधीचा होताच, तो सतरंजीवर सांडला. "सांगितलं ना, मी नेले. चोर नाही आला घरात."

"चोर आला असता तर बरं होतं. चोराला शिव्या तरी देता येतात."

"वहिनी, आधी ऐकून तर घ्या," सखारामचा धाकटा भाऊ हिलाल दाराशी उभा राहून म्हणाला. आत येऊन बसायची त्याची छाती झाली नव्हती.

"बोला की. चार महिने बोलला नाहीत, आज बोला."

सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर राणी रंगाचं एक तोरण पडलं होतं. आंब्याची पानं, आणि दोन टोकांना दोन मोर. तासाभरापूर्वी शेजारची धुरपदाबाई ते लिंबायतच्या बाजारातून घेऊन आली होती आणि अनुसयाच्या मांडीवर टाकून म्हणाली होती, "हाई तुनंच तोरण शे ना वं? बाजारमा ढीग पडेल शे."

अनुसयाने त्याला हात लावायच्या आधीच ओळखलं. ती कागदाच्या घड्या घालून नक्षी कापायची. घडीच्या आतला थर थोडा सरकतोच, त्यामुळे तिच्या हातचा डावा मोर नेहमी उजव्यापेक्षा रोड निघायचा, उपाशी असल्यासारखा. पेनाने चित्र काढणारा माणूस असा मोर काढणार नाही. धुरपदाबाई गेल्यावर तिने पेटी उघडली. आत वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. बाकी काही नव्हतं.

अमळनेरकडून ही मंडळी सुरतेत नवागामला येऊन अठरा वर्षं झाली. सखाराम लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मागांची दुरुस्ती करायचा, आणि येताना पिशवीत कापडाच्या चिंध्या आणायचा. पॉलिस्टरला नुसती कात्री लावली की कडेची सुतं निघत राहतात. म्हणून अनुसया कात्रीने कापून झालं की पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवायची. कड वितळून बसायची, सूत निघायचं नाही. बारीक भोकं तर ती उदबत्तीच्या टोकानेच पाडायची. एका तोरणाला चार दिवस लागायचे, आणि घरभर वास असा की सखाराम म्हणायचा, आमच्या घरी रोजच सत्यनारायण.

गल्लीतल्या मुलींच्या रुखवतात तिचं तोरण असणार, हे हळूहळू ठरूनच गेलं. तिचा नियमही सगळ्यांना ठाऊक होता. एका मुलीची नक्षी दुसरीला नाही. कागदाच्या कोपऱ्यात मुलीचं नाव, सासरचं गाव आणि साल लिहून तो पेटीत जायचा तो कायमचा. असे तीस कागद होते. एकतिसावा याच दोन मोरांचा; त्यावर फक्त "मयुरी" लिहिलेलं होतं, गावाची आणि सालाची जागा कोरी. तीन वर्षांपूर्वी तिने तो आपल्या लेकीसाठी कापला होता आणि कापडावर एकदाही उतरवला नव्हता.

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी, मयुरीच्या कॉलेजातल्या एका बाईंनी एकसारखी पन्नास तोरणं मागितली. हाताने ते होणार नव्हतं. त्याच सुमारास कतारगामच्या एका कारखान्यात लेझरने कापड कापणारं मशीन आल्याचं हिलालने ऐकलं होतं. अनुसया सखारामबरोबर बघायला गेली. काचेखाली एक उजेडाचा ठिपका कापडावरून पळत होता, आणि तो जाईल तिथे कड कापली जाऊन तिथल्या तिथे बंद होत होती. ती पदर तोंडाशी धरून बघत राहिली. ही तर आपलीच उदबत्ती, फक्त हिला फुंकर घालावी लागत नाही.

शेठ म्हणाला, नक्षीचा कागद आणा, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतो, मग हवी तेवढी कापा. तिने एक नवी नक्षी कापली, कुठल्याच मुलीची नसलेली. पन्नास तोरणं गेली, मागोमाग आणखी तीन मागण्या आल्या. मयुरीने पुठ्ठ्यावर "अनुसया तोरण" अशी पाटी रंगवून दिली. कतारगामला कागद न्यायचं आणायचं सखारामने स्वतःकडे घेतलं. एवढ्या पुरुषांत बाईमाणूस कशाला, असं तो म्हणाला, आणि तिलाही घरचं काम टाकून जाणं जड होतं. बरं झालं, असंच तिला वाटलं. शेठला तिचं तोंडही लक्षात राहिलं नसेल, हे तिच्या मनात आलं नाही.

होळीनंतर हिलालचं खातं बंद पडलं. दोन महिने तो घरी बसून होता. मग एकाएकी त्याच शेठने त्याला लेझरच्या मशीनवर कायमचा घेतला. पेढे अनुसयाने आणले. अकरा घरी तिने स्वतः वाटले.

"पेढे वाटताना तरी एकाने माझा हात धरायचा," ती आता म्हणाली.

"शेठला माणूस नको होता, वहिनी. डिझाइन हवी होती," हिलाल म्हणाला. "तुमचं नाव सांगितलं असतं तर त्याने तुम्हाला बोलावलं असतं. मला कशाला ठेवला असता?"

"म्हणजे नक्षी तुमची, असं सांगितलं."

हिलालने मान खाली घातली.

"तुम्हाला कात्रीने दोरा तोडता येत नाही, हिलालभाऊ."

"घरातलंच आहे ना सगळं," सखाराम वैतागून म्हणाला. "तुझं काय न् माझं काय. माझा भाऊ बसून राहिला असता तर दोन घासांना तूच तोंड वाकडं केलं असतंस."

"दोन महिने वाढलं. केलं का वाकडं?"

चुलीपाशी हिलालची बायको ज्योती पीठ मळत होती. पीठ कधीचंच मळून झालं होतं, तरी तिचे हात थांबत नव्हते. अनुसयाने तिच्याकडे पाहिलं. तिलाही ठाऊक होतं का, हे विचारायची गरज उरली नाही.

"किल्ली माझ्या गळ्यात असते. मी फक्त न्हाताना काढते. कुणी दिली?"

सखाराम खिडकीबाहेर बघू लागला. कॉटवर बसलेल्या मयुरीने पुस्तक मिटलं.

"मी दिली, आई."

अनुसयाचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

"काकांचं काम होत होतं. पप्पांनी मागितली, मी दिली. एमां शुं थयुं, काय झालं त्यात?" मयुरीला रडू येऊ लागलं की तोंडात गुजराती यायची. "अने माझ्या लग्नात ते तोरण कोण बघणार आहे? आता सगळ्या रेडीमेडच लावतात."

"तुझा कागद त्यात होता, माहीत होतं तुला?"

"बघितला मी. नाव होतं वर." ती म्हणाली, "काका म्हणाले, मोराचं खूप चालेल."

चार महिने. रोज दोन वेळा पाच ताटं, आणि त्या पाचांतली चार तोंडं ठाऊक असून जेवत होती. भाजीला मीठ कमी आहे हे सांगायला मात्र कुणी विसरलं नव्हतं.

"एकतीस घरांत मी खोटी पडले," अनुसया म्हणाली.

"लोकांना काय कळतंय त्यातलं," सखाराम म्हणाला.

"धुरपदाबाईला कळलं. तिच्या लेकीच्या दारावर माझं तोरण आहे. उद्या तिची नक्षी बाजारात निघेल."

हिलाल एक पाऊल आत आला. बोलायचं ते आजच बोलावं असं त्याने ठरवलं असावं. "वहिनी, झालं ते झालं. पण शेठला दसऱ्याच्या आत बारा नव्या डिझाइन हव्यात. मी हो म्हणून बसलोय. तुम्ही दिल्या नाहीत तर तो मला ठेवणार नाही."

"म्हणजे आता मागायला आलात."

"मागतोच आहे की."

"बारा कागद म्हणजे तुझ्या हातचा आठवड्याचा खेळ," सखाराम समजुतीच्या सुरात म्हणाला. "भांडण नंतर कर. ते काय पळून जातंय?"

अनुसयाने ज्योतीच्या पुढ्यातली परात ओढून घेतली, पिठावर ओलं फडकं टाकलं आणि ती भिंतीला लावून ठेवली.

"बारा नक्ष्या मी कापीन," ती म्हणाली.

हिलाल आत येऊन सतरंजीवर बसला.

"पण त्या तुमच्याकडे देणार नाही. उद्या मी कतारगामला जाते. शेठला सांगते, जुन्या एकतीस माझ्या आणि नव्याही माझ्याच. घ्यायच्या तर माझ्या नावावर घे. नाही घेतल्या तर दुसरं मशीन शोधीन. मुलींच्या नक्ष्या बंद कर म्हणून सांगीन, तो करो न करो. हिलालभाऊंचं काम राहतं की जातं ते शेठ बघेल. मी त्यांच्यासाठी रदबदली करणार नाही."

"एकटी जाशील तिथे?" सखारामने विचारलं.

"एकटी. नऊच्या बसने. उद्याचा स्वयंपाक ज्योती करेल, आणि यापुढे किल्ली मागायची ती मला मागायची."