ब्रेकवाल्या वहिनी

फैजपूर रोडला आमचं गॅरेज आहे आणि घर त्याच्याच मागे. जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट जसे डब्यात साठतात, तसे इथे किस्से साठतात. फेकवत नाहीत!

मी सातवी शिकलेली. गाडीतलं मला एकच कळतं, ब्रेक. आमची लेक चिऊ गल्लीतल्या आबांच्या जुन्या व्हॅनमधून शाळेत जायला लागली आणि मला ब्रेकची धास्तीच बसली. तेव्हापासून गॅरेजला कुठलीही गाडी येवो, हॉर्न वाजवायला येवो नाहीतर काच बसवायला, मी विचारतेच, "ब्रेक पाहिले का?"

हे वैतागतात. गिऱ्हाईकांनी तर माझं नावच पाडलं, ब्रेकवाल्या वहिनी!

* * *

नरडाण्याचे एक नाना केळी न्यायला इकडे आले आणि गॅरेजवर थांबले. जीप धापा टाकत होती, बॉनेटमधून नुसती वाफ!

ह्यांनी बॉनेट उघडलं, तर रेडिएटरपुढे ओलं गोणपाट घट्ट बांधलेलं. वारा जायला फटसुद्धा नाही.

"नाना, हे काय?"

"माठले ओलं पोतं गुंडाळतस ना, तसंच शे हाई! गार ऱ्हास!"

हे म्हणाले, "नाना, पण माठाला चढ चढावा लागत नाही!"

* * *

दीपनगरच्या अक्कांच्या गाडीची बॅटरी पार गेलेली. ढकलल्याशिवाय स्टार्टच नाही. म्हणून अक्का गाडी कायम उतारावर लावायच्या.

ह्यांनी विचारलं, "अक्का, बाहेर गेल्यावर काय करता?"

"उतार असेल त्याच्याच घरी जाते! धाकटीकडे जाणंच बंद केलं, तिच्या दारात सगळं सपाट."

ह्यांनी नवी बॅटरी बसवली. काही दिवसांनी ती धाकटी बहीण गॅरेजवर हजर!

"भाऊ, जुनी बॅटरी ठेवलीय का हो? अक्का आता रोज येते!"

* * *

एक दुकानदार भाऊ डिकीत मोठा दगड घेऊन फिरायचे. हँडब्रेक लागत नव्हता, म्हणून गाडी थांबली की दगड चाकाखाली.

ह्यांनी नवी केबल टाकली. भाऊंनी हँडब्रेक ओढला, खूश झाले, उतरले आणि डिकीतून दगड काढून चाकाखाली ठेवला!

"भाऊ, आता कशाला?" मी विचारलं.

"केबल तुटते वहिनी. दगड कधी तुटलेला पाहिलाय?"

मला तर ते पटलं!

* * *

मग एका सकाळी आबांची व्हॅनच आली. ब्रेक दाबला की पाय खालपर्यंत जायचा. ह्यांनी ब्रेक ऑइल बदललं, पाइपातली हवा काढली, पेडल दाबून पाहिलं.

"ओके आहे, आबा. न्या."

आबांची घाई चाललेली. गल्लीतली पोरं दप्तरं घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "ट्रायल झाली का?"

"पेडल एकदम टाइट आहे गं! काही होत नाही."

"अहो सूनबाई, पोरांची शाळा भरेल!" आबा म्हणाले.

मी चिऊला कडेवर घेतलं, व्हॅनचं दार सरकवलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. चिऊला मांडीवर घेतलं.

"चला, पुलाच्या उतारावरून एक चक्कर मारू."

हे हसत हसत पुढे बसले. चावी फिरवली, गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. चिऊ त्यांना टाटा करत होती.

ह्यांनी गाडी बंद केली. खाली उतरले.

"आबा, तो जॅक द्या जरा."

"अरे, आत्ता तर ओके म्हणालास!"

"म्हणालो होतो," हे म्हणाले आणि आतले ब्रेक पाहायला मागचं चाक खोलायला बसले.