ओठावरचा ताप

सालोमी तुस्कानो आमच्या शाळेत दुसरीला शिकवायची आणि मी तिसरीला. मधली भिंत इतकी पातळ, की तिने पाढा सुरू केला की माझ्या वर्गातली मुलंही म्हणायला लागायची. उमेळ्याला तिचं सासर, दारात केळीची बाग, घरात सासू, आणि नवरा बर्नार्ड कुवेतला. दर मार्चमध्ये पेपरांचे गठ्ठे आले की तिच्या ओठाच्या कोपऱ्यात ताप उतायचा. आधी पाण्याचे बारीक फोड, मग खपली. ती त्यावर तूप लावायची आणि मी म्हणायचे, सालोमीचा ताप उतला, आता निकाल लागणार. पाच वर्षं मी ही एकच थट्टा केली.

तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दोन्ही वेळा बर्नार्ड तिकडेच. दुसऱ्या वेळी ती आठवड्याभरात शाळेत आली, हजेरी घेतली आणि मधल्या सुट्टीत एका मुलाच्या शर्टाचं बटण शिवत बसली. मला तिच्या त्या शहाणपणाचा रागच आला. माणसाने रडायच्या वेळी रडावं.

२००१ च्या एप्रिलअखेर बर्नार्ड पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीवर आला. तिथे तो एसी दुरुस्त करायचा आणि दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. सालोमीला पस्तिसावं लागलेलं. मूल व्हायचं तर याच सुट्टीत, नाहीतर पुढची सदतिशीला. म्हणून ती आधी डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी टॉर्च नावाची रक्ततपासणी लिहून दिली. मला वाटलं, विजेरी लावून बघतात की काय. गर्भ न टिकायला कारण होणारे चार-पाच आजार त्यात एकदम शोधतात म्हणे.

आठ दिवसांनी कागद आला. हर्पीस पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, हा संबंधातून येणारा आजार, कागद स्वच्छ येईपर्यंत दोघांनी लांब राहा.

मी घरी येऊन शब्दकोश उघडला. हर्पीस म्हणजे नागीण. मला हायसं वाटलं. नागीण काय, कोणालाही होते, त्यात अब्रू जात नाही. सासूला तेच सांग, मी म्हटलं. आग्नेसबाईंनी सुनेला उजेडात उभं केलं, कंबर बघितली, पाठ बघितली आणि म्हणाल्या, "नागीन कुठंच नाय गो. कागदावं काय पन लिवतात."

त्यांचं ऐकायला हवं होतं. पण आम्ही दोघी शिकलेल्या. मीच तिला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथून रक्त मुंबईला जायचं, त्यात दहा दिवस गेले. कागद आला निगेटिव्ह. बाईला आनंद व्हायचा, तर ती म्हणाली, "विनया, यातला खरा कुठला?" पंच म्हणून तिसरी लॅब शोधली. आणखी नऊ दिवस. त्या लॅबने लिहून दिलं, बॉर्डरलाइन. म्हणजे पंचानेच दोन्हीकडे मान हलवली.

तपासणी फक्त तिची, हे मला राहून राहून खटकत होतं. बर्नार्डचं रक्त घ्या असं कोणी म्हणालं नाही. तो बाहेर ओटीवर झोपत होता आणि दिवसभर बागेत राबत होता. मी त्याला सज्जन समजत होते. आजही समजते, म्हणून तर जास्त चीड येते.

तिसरा कागद आला त्या संध्याकाळी तो केळींना पाणी लावत होता. सालोमी कागद घेऊन तिथे गेली. त्याने तो वाचला, घडी घातली आणि सांगून टाकलं. मागच्या वर्षी, तिकडे, एकदाच. एक बाई होती. माझ्यामुळेच तुला हे झालं, आपली दोन्ही मुलं माझ्यामुळेच गेली, असंही म्हणाला. अहो, मुलं त्याच्या आधी गेली होती, पण घाबरलेल्या माणसाला तारखा कुठल्या सुचायला. पापाची कबुली द्यायची, कुमसार करायचं ते फादरपाशी, ते त्याने बायकोपाशी केलं. सालोमीने एवढंच विचारलं, "पाणी बंद केलंस का?"

हे तिने मला शाळा उघडल्यावर सांगितलं. तोवर सुट्टी संपून बर्नार्ड गेला होता. उरलेले दिवस ते दोघे एका घरात पाहुण्यांसारखे राहिले. ती रागावलीही नव्हती. दमले गं, म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या ओठावर कधी ताप उततो का?"

सालोमी माझ्याकडे बघायला लागली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

त्या सावकाश समजावत गेल्या. या विषाणूच्या दोन जाती. एक ओठावर ताप उतवते, ती बहुतेकांना लहानपणीच घरातल्या कोणी तरी पापा घेतल्याने मिळते. दुसरी ती बदनाम. पहिल्या आणि तिसऱ्या लॅबची तपासणी दोन्हींत फरक करू शकत नाही, शिवाय ती नसलेला आजार दाखवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. दुसऱ्या लॅबने फक्त बदनाम जात शोधली आणि ती सापडली नाही. गर्भ गेले त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तुम्ही ठीक आहात, म्हणाल्या, लांब राहायचं काही कारण नव्हतं.

परत येताना सालोमी स्टेशनबाहेरच्या फोनच्या बूथमध्ये शिरली आणि तिने कुवेतला फोन लावला. मी दाराशी उभी राहिले. आत दोन माणसं नंबरासाठी थांबलेली होती, पण आता तिला आवाज खाली करायची गरज नव्हती. "ओठावरचा ताप होता," ती म्हणाली, "दुसरं काही नाही. मला काही झालेलं नाही. तुझ्यामुळे तर नाहीच." मग तिने त्याचं ऐकून घेतलं. बाहेर आली तेव्हा खांद्याची पर्स दोन्ही हातांनी धरलेली होती.

काय म्हणाला, मी विचारलं.

"म्हणाला, मग मी तुला ते उगाच सांगितलं."

आम्ही रिक्षात बसलो. ती रिक्षावाल्याला म्हणाली, उमेळे. आणि रडायला लागली.