येनाच्या सालीचं पाणी

माझे बाबा जंगलखात्यात रोजंदारीवर होते. रोपवन, वणवा अडवायच्या जाळरेषा, बांबूतोड, जे काम निघेल ते. नवेगाव बांधच्या तलावापासून आमचं गाव फार लांब नाही, आणि गावात कुणाला विळा लागला, बांबूची फाक घुसली, काटा मोडून पिकला, की तो माणूस सकाळी आमच्या अंगणात येऊन बसायचा. बाबा कामावर जाण्याआधी त्याची जखम बघायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. ऐनाच्या सालीचे तुकडे पाण्यात उकळायचे. ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात. ते लालसर पाणी कोमट झालं की जखम त्याने धुवायची, घाईघाईत नाही, चांगली स्वच्छ होईपर्यंत. मग बांधावर उगवणाऱ्या कंबरमोडीचा पाला हातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा आणि आईच्या जुन्या लुगड्याची धुतलेली पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी तो माणूस आला नाही तर बाबा स्वतः त्याच्या घरी जायचे. सायकल दाराला टेकवून म्हणायचे, "दाखव. लाजू नको."

साल काढायची म्हणजे आधी झाडाला हात जोडायचे. येनात आमचा देव आहे. झाडाच्या एकाच अंगाची, तळहाताएवढीच साल घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्या झाडाकडे जायचं नाही, हे मी लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरताना शिकले.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मी गोंदियाच्या कॉलेजातून घरी आले होते. त्या दिवसांत सगळ्यांना गुळवेल पाहिजे होती. गोंदियाहून, नागपूरहून ओळखीच्यांचे फोन यायचे. कडुनिंबावर चढलेले वेल लोकांनी मुळापासून ओढून नेले. बाबांना ते बघवायचं नाही. मागायला येईल त्याला ते अंगठ्याएवढा तुकडा द्यायचे आणि सांगायचे, तोंड बांधत जा, गर्दीत जाऊ नको, दम लागला तर माझ्याकडे येऊ नको, दवाखान्यात जा.

एका दुपारी मी विचारलं, "बाबा, यानं खरंच काही होते का?"

ते वेलीचे तुकडे करत होते. हात न थांबवता म्हणाले, "मले वाटते होते. पर तू शिकून रायली ना? तूच पाहून सांग."

त्यांनी ते सहज म्हटलं. माझ्या मात्र डोक्यात राहिलं. पुढे एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी मार्गदर्शक मॅडमना सांगितलं की मला माझ्या वडिलांची औषधं तपासायची आहेत. मॅडम हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "जे निघेल ते लिहावं लागेल. चालेल?"

मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटत होतं, काय निघणार हे मला माहीतच आहे.

येनाची साल, कंबरमोडी, गुळवेल, बाबांनी तिन्ही वस्तू स्वतः गोळा करून, वेगवेगळ्या कापडात बांधून दिल्या. मी त्या सावलीत वाळवल्या, कुटल्या, त्यांचे अर्क काढले. काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या थरावर पू करणारे जंतू पसरले, त्यात बारीक खड्डे पाडून प्रत्येकात एकेक अर्क सोडला, शेजारी दवाखान्यातल्या औषधाची पांढरी टिकली ठेवली आणि बशी उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. गुळवेलीच्या खड्ड्याभोवती जंतू खुशाल वाढले होते. कंबरमोडीच्याही. फक्त येनाच्या सालीभोवती एक मोकळं, स्वच्छ कडं होतं.

मी प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला की मी इकडचं तिकडचं बोलायचे. कंबरमोडी हे त्यांचं औषध होतं. ते औषध शोधायला ते उन्हात बांध बांध फिरायचे. येनाचं पाणी तर नुसतं धुण्यासाठी. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मॅडमनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "फोनवर सांगूच नको. त्यांना इथे बोलाव."

बाबा एसटीने कोहमाऱ्यावरून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात रुमाल. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीशी उभे राहिले. मॅडमनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी बशी त्यांच्यासमोर उजेडात धरली.

"हे जंतू, बाबा. पू करतात ते. बघा, दुधावर साय धरावी तसे सगळीकडे पसरले. अना ही गोल मोकळी जागा आहे ना, इथं ते वाढले नाहीत."

त्यांनी वाकून खूप वेळ पाहिलं. "इथं कोनता रस हाय?"

"येनाची साल."

"ते तं धुवाचं पानी होय."

"हो."

"अना दवाई?"

मी कंबरमोडीच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. मग गुळवेलीच्या. बाबांनी दोन्हींकडे पाहिलं, सरळ उभे राहिले, रुमालाने मान पुसली.

"मंग इतके लोक बरे कशे झाले?" त्यांनी मला नाही, मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही जखम रोज धुता. उकळलेल्या पाण्याने. स्वच्छ पट्टी बांधता. रोज घरी जाऊन बघता. त्यातच पुष्कळ माणसं बरी होतात. बाकी शरीर आपलं आपण करतं." मग त्यांनी पुढे सांगितलं, "आणि ही बशी म्हणजे माणूस नाही. इथे दिसलं नाही म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. इथे दिसलं म्हणजे माणसावर चालेलच, असंही नाही."

"म्हंजे तुमालेबी पूर्ण माहीत नाही."

"नाही."

बाबा हसले. पहिल्यांदाच त्या दिवशी. "मंग ठीक हाय. मले वाटलं, मी एकलाच हाव."

बसस्टँडवर आम्ही चहा घेतला. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. कप खाली ठेवून त्यांनीच विचारलं, "त्या पांढऱ्या टिकलीभोवती जे मोठं गोल होतं, ते काय होय?"

त्यांनी ते पाहिलं होतं. मॅडमसमोर विचारलं नव्हतं.

"दवाखान्यातली दवाई," मी म्हटलं.

"माझ्या सालीचं गोल मोहाच्या फुलाएवढं, अना त्याचं लिंबाएवढं." अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांनी दोन्ही मापं हवेत दाखवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं पाहिलंस बाई. आपल्या बापाचं हाय म्हनून वाढवून नाही सांगितलंस."

गाडी लागली, ते चढले, खिडकीतून हात केला. मी तिथेच बाकावर बसून रडले. हलकं वाटत होतं, आणि वाईटही.

त्याच वर्षी धानाच्या रोवणीनंतर शेजारचे काकाजी अंगणात आले. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या कधी घ्यायचे, कधी नाही. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिखलात पायाला काहीतरी लागलं होतं आणि दहा दिवस त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. मी सुट्टीत घरी होते. बाबांनी पाय मांडीवर घेतला, धुतला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, वास येत होता. बाबांनी ते दाबलं.

"दुखते?"

"नाही. काहीच वाटत नाही. बांध तू पट्टी."

बाबा पट्टी हातात घेऊन बसून राहिले. मग ती बाजूला ठेवली. "हे माझ्या हातचं नाही."

काकाजी चिडले. "कायले भेव दाखवतं? साऱ्या गावाले तू बरं केलं, अना मले दवाखान्यात धाडून रायला? ते पाय कापतेत तिथं!"

"तिथली दवाई माझ्या डोऱ्यानं पाहिली मी. माझ्यापेक्षा जोरदार हाय."

"मी नाही जात."

"मी येतो ना संगं," बाबा म्हणाले. "तुले घेऊन जाईन अना घेऊनच येईन."

काकाजींनी बाबांचं मनगट घट्ट धरलं. इतका मोठा माणूस घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता. काकीने पिशवीत धोतर आणि चादर भरली, मी गाडी सांगितली, आणि तासाभरात आम्ही निघालो.

गोंदियाच्या दवाखान्यात बाबा त्यांच्याजवळ नऊ दिवस राहिले. मी माझ्या भाड्याच्या खोलीवरून डबा न्यायचे. काळं पडलेलं एक बोट काढावं लागलं. पाय राहिला. मलमपट्टीच्या वेळी बाबा सिस्टरच्या मागे हात बांधून उभे असायचे. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "काका, आप क्या देखते रहते हो?"

"धोना पहले, बाकी बाद में. बराबर करते हो तुम," बाबा त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. त्यानंतर ती त्यांना घरी पट्टी कशी बदलायची, पायाला भेग पडली का ते रोज कसं बघायचं, सगळं शिकवायला लागली. बाबांनी ते मला वहीत लिहून घ्यायला लावलं.

धान पिवळं झालं तेव्हा मी पुन्हा गावी गेले. काकाजी रबरी बूट घालून आपल्या बांधीकडे निघाले होते. पाऊल जपून टाकत होते. बाबा एक पाऊल मागे चालत होते, हात धरत नव्हते, फक्त नजर त्यांच्या पायांवर. धुऱ्यावर पोहोचल्यावर काकाजी टेकले, धापा टाकत लोंबीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोट गेलं बाई. पर मी हाव."

बाबा त्यांच्या शेजारी बसले आणि पाय बघायला काकाजींचे बूट काढू लागले.